पडद्यावरची नोटीस कोणत्या भाषेत?

आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमावर्ती मंडलांत काम करणाऱ्या मराठी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि रोजगार हमीवरील मेट 'मोबाइलला भितात', हे विधान अलीकडे इतक्या तोंडांतून आमच्या कानी आले आहे की, त्याचा प्रतिवाद आता लेखी करणे भाग आहे. विधान करणारे बहुधा सद्भावनेनेच बोलतात. बायका वयस्क आहेत, शिक्षण बेताचे आहे, संगणकाची सवय नाही, सबब त्यांना भीती वाटते. एखाद्या दिवसाचे प्रशिक्षण दिले की भीती जाईल, असा त्यांचा सरळ हिशोब असतो. आमचे म्हणणे असे की, हा हिशोब मुळातच चुकलेला आहे, आणि त्या चुकीचे व्याज या बायकांच्या मानधनातून वसूल होत आहे.

भीती यंत्राची असती तर ती यंत्र हाती घेताच दिसली असती. तीच सेविका संध्याकाळी पांढरकवड्याच्या आपल्या आईला व्हॉट्सॲपवर बोलका निरोप पाठवते, भाचीच्या बारशाचे फोटो चार गटांत टाकते, किराणा दुकानदाराला फोनपेवरून पैसे देते आणि आषाढीला विठोबाचे दर्शन त्याच पडद्यावर घेते. तेव्हा तिचा अंगठा अडखळत नाही. सकाळी मात्र तोच फोन, तोच अंगठा, आणि कामाचे ॲप उघडताच तिच्या छातीत धडधड सुरू होते. या दोन प्रसंगांत बदलते ते काय? एक तर चुकीची किंमत बदलते. आईला चुकीचा निरोप गेला तर हसण्यावारी नेता येते, ॲपात चुकीचा आकडा गेला तर मेमो येतो. आणि दुसरे, पडद्यावरची भाषा बदलते. पहिल्या गोष्टीबद्दल कामगार संघटना बोलत आल्या आहेत. दुसरीबद्दल आमच्या या पट्ट्यात कोणीच बोलत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही सेविका कोण, हे आधी नीट पाहिले पाहिजे. बेला, जैनद, भीमपूर ही मंडले पैनगंगेच्या काठची. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. रोटीबेटीचा व्यवहार नदीने कधी अडवला नाही आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनेही अडवला नाही. त्यामुळे येथील सेविका एक तर आदिलाबादेतल्याच मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली असते, नाहीतर वणी, केळापूर, किनवट या बाजूंनी सून होऊन आलेली असते आणि दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली असते. येथे तिला 'टीचर' म्हणतात. बाजारात भाव विचारण्यापुरती, बसवाल्याशी हुज्जत घालण्यापुरती तेलुगू तिला येते. अनेकींना तर ती अस्खलित येते. परंतु तेलुगू लिपी तिने कधी गिरवलेली नाही. ज्या डोळ्यांना शिरोरेषेखाली अक्षरे शोधण्याची सवय आहे, त्यांना शिरोरेषाच नसलेली, वाटोळी, जोडाक्षरातील दुसरे व्यंजन खाली लटकवणारी लिपी पस्तिशीनंतर आपोआप उलगडत नाही. बोलता येणे आणि वाचता येणे या दोन भिन्न क्षमता आहेत, हे भाषाशास्त्रातील पहिले पाऊल. शासकीय नमुन्यात मात्र एकच रकाना असतो: 'तेलुगू येते काय?' ती प्रामाणिकपणे 'होय' म्हणते आणि त्या एका होकारावर पुढचे सारे गृहीत धरले जाते.

आता तिच्या हाती काय दिले आहे ते पाहा. मार्च २०२१ पासून केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' आले. केंद्र उघडल्याची नोंद, मुलांची हजेरी, वजन, उंची, गरोदर मातांची नोंद, आहारवाटप, सारे त्यात. राज्याच्या नोंदप्रणालीचे काम वेगळे. जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा पडद्यावर ओळखवून घेणे बंधनकारक झाले. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइलवरूनच, दिवसातून दोनदा, स्थळाच्या खुणेसह छायाचित्र काढून पाठवण्याची सक्ती झाली. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यालाही २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस निगमाच्या केंद्रावर जाण्याआधी 'कपास किसान' ॲपावर वेळ नोंदवावी लागली, आणि ती नोंदवून देण्याचे काम गावातल्या ज्या कोणाला फोन 'येतो' त्याच्या गळ्यात पडले. हे सर्व पडदे इंग्रजीत नाहीतर तेलुगूत उघडतात. जेथे मराठीचा पर्याय आहे तेथे तो कोठे दडला आहे, हे सांगणारा माणूस तेलुगूतून सांगतो.

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका सेविकेच्या हाती असाच एक मेमो होता. सलग चार दिवस केंद्र उघडले नाही, खुलासा करावा. मेमो तेलुगूत. तिची मराठीतली वही आम्ही पाहिली: चारही दिवसांची हजेरी, प्रत्येक मुलाचे वजन, कोणाला जुलाब, कोण आजोळी, सारे सुवाच्य अक्षरात. मग ॲपात नोंद का नाही? चौकशीअंती उलगडा झाला तो असा. ती माहिती भरत असे. परंतु शेवटी एक इंग्रजी वाक्य पडद्यावर येई, त्याखाली दोन बटणे. त्यांपैकी कोणते दाबायचे ते तिचा आठवीतला, इंग्रजी माध्यमात शिकणारा मुलगा सांगत असे. मुलगा चार दिवस मामाच्या गावाला गेला आणि शासनाच्या लेखी अंगणवाडी बंद पडली.

या प्रकाराला आता जगभर नाव आहे. क्रेग ब्रॉड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली 'टेक्नोस्ट्रेस' या नावाचा ग्रंथ लिहिला आणि संगणकाशी जुळवून घेताना माणसाला होणाऱ्या त्रासाला एक स्वतंत्र आजार म्हणून ओळख दिली. आपण त्याला तंत्रताण म्हणू. पुढे १९९५ मध्ये डेबोरा कॉम्पो आणि ख्रिस्तोफर हिगिन्स या कॅनडातील संशोधकांनी संगणकाविषयीचा आत्मविश्वास मोजण्याची एक प्रश्नावली सिद्ध केली. तिची रचना मोठी मार्मिक आहे. 'तुम्हाला संगणक येतो का?' असे ती विचारत नाही. एखादे अनोळखी काम तुम्ही अमुक परिस्थितीत पार पाडू शकाल का, असे विचारते: जवळ सांगणारे कोणी नसेल तर? केवळ माहितीपुस्तिका हाती असेल तर? आधी दुसऱ्या कोणाला ते करताना पाहिले असेल तर? अडल्यास कोणाला हाक मारता येत असेल तर? असा आत्मविश्वास ज्यांच्यापाशी अधिक, ते यंत्र अधिक वापरतात आणि त्यांना त्याची धास्ती कमी वाटते, असे त्यांना आढळले.

ही प्रश्नावली पैनगंगेच्या काठी आणून पाहा. माहितीपुस्तिका हाती असेल तर, पण कोणत्या भाषेतली? हाक मारता येत असेल तर, पण मदतवाहिनीवरचा माणूस कोणत्या भाषेत बोलतो? दुसऱ्याला करताना पाहिले असेल तर, पण ती शेजारची टीचर ज्या शब्दावर बोट ठेवते तो शब्द या बाईला वाचता येतो का? त्या संशोधकांच्या प्रत्येक 'तर'मागे एक भाषा गृहीत धरलेली आहे, आणि त्यांच्या उत्तरदात्यांच्या बाबतीत ती बहुधा त्यांच्या रोजच्या वापरातलीच होती, म्हणून ती उघड बोलण्याची गरज पडली नाही. आमच्याकडे ती गरज पडते. आत्मविश्वास हा चुकण्याच्या आणि चूक दुरुस्त करण्याच्या अनुभवातून येतो. पण आपण काय चुकलो, हे यंत्राने सांगितलेले ज्याला समजतच नाही, त्याच्या वाट्याला केवळ चूक येते, दुरुस्ती येत नाही. दहा वेळा चुकून तो काहीच शिकत नाही. अकराव्या वेळी तो यंत्राला हात लावण्याचे टाळतो, आणि त्याची कागदोपत्री नोंद 'मोबाइलला भितात' अशी होते.

आदिलाबादला ही गोष्ट नवी नाही. केवळ यंत्र नवे आहे. निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, गोंडी बोलणाऱ्या रयतेपैकी फारच थोड्यांना ती वाचता येई. परंतु कचेरीच्या आवारात झाडाखाली अर्जनवीस बसलेला असे. माणसाने आपल्या बोलीत गाऱ्हाणे सांगावे, त्याने ते उर्दूत उतरवावे, चार आणे घ्यावेत. ती व्यवस्था आदर्श होती असे आम्ही म्हणत नाही. अर्जनविसाने नागवलेल्यांच्या कहाण्या आमच्या वडीलधाऱ्यांकडे पुष्कळ होत्या. तथापि दफ्तराची भाषा आणि रयतेची भाषा यांच्यामध्ये दुभाषा लागतो, एवढे तरी त्या राज्याला मान्य होते. आजच्या व्यवस्थेने अर्जनवीस काढून टाकला आणि दफ्तरच बाईच्या हाती देऊन टाकले. त्या रिकाम्या जागी आता आठवीतला मुलगा बसतो. चार आणेही न घेता.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षकांना तयार करणारे केंद्र निघाले. गोंडीतील वाचनपाठ तेथे देवनागरीत छापले गेले, कारण या भागातील गोंडांचा मराठीशी जुना परिचय होता. गोंड तरुण शिकले, शिक्षक झाले, आपल्या मुलांना आपल्या भाषेतून शिकवू लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके व बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट नांदेडच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे तिकडून आंध्रात आली. उरलेल्या आदिलाबादेत शाळेची भाषा तेलुगू झाली. देवनागरीत तयार झालेला तो शिक्षक एका पिढीच्या आत पुन्हा शिकाऊ ठरला. त्याची बुद्धी ऑक्टोबरात होती तेवढीच नोव्हेंबरात होती. बदलली होती ती लिपी. त्या वेळीही कोणी म्हटले असेलच की, हे लोक नव्या व्यवस्थेला बुजतात.

आता तंत्रताणाच्या अशा एका उगमाकडे वळू, ज्याची चर्चा भाषेच्या लेखांतूनच व्हायला हवी आणि जो प्रशिक्षणाने मिटणारा नाही. तो म्हणजे नाव. आमच्या जिल्ह्यातल्या मराठी माणसाचे नाव तीन लिप्यांतून प्रवास करते: देवनागरीत जन्मते, तेलुगूत नोंदले जाते, आणि यंत्रात रोमन होऊन बसते. रोमन लिहिण्याची मराठी रीत वेगळी, तेलुगू रीत वेगळी. 'सविता', 'लता', 'गीता' यांतील शेवटचा 'त' आपण नुसत्या टी अक्षराने लिहितो. तेलुगू रीतीत तो टी-एच असतो, कारण एकटा टी त्यांनी 'ट'साठी राखून ठेवला आहे. शास्त्रदृष्ट्या त्यांचीच पद्धत अधिक काटेकोर म्हणावी लागेल, हेही आम्ही मोकळेपणे सांगतो. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपण डी-एन-वायने सुरू करतो, हिंदी भाषक जी-वायने, तेलुगू भाषक जी-एनने. तिघेही एकाच अक्षराचा आपापला उच्चार लिहितात, तिघेही आपल्या जागी बरोबर. यंत्राच्या लेखी मात्र ही तीन माणसे.

त्यात क्रमाची भर. आपले नाव प्रथम स्वतःचे, मग वडिलांचे वा पतीचे, मग आडनाव. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव प्रथम, बहुधा एका अक्षराच्या आद्याक्षरात, मग स्वतःचे. मधले नाव नाही. महाराष्ट्रातून आलेल्या सुनेच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, आधारवर पतीचे, येथील नोंदीत पतीच्या आडनावाचे आद्याक्षर. कोठे 'बाई' लागलेले, कोठे गळालेले. ही सून गरोदर राहते, तिची नोंद करायची असते, आणि यंत्र म्हणते, जुळत नाही. काय जुळत नाही ते सांगत नाही. समोर ती सून उभी असते, मागे तिची सासू. "बाई, दुसऱ्यांची नावं लागली, आमच्याच सुनेचं का लागंना?" याचे उत्तर सेविकेने द्यायचे. दोन भाषांच्या लेखनपद्धतींतला जो तिढा विद्वानांनी परिषद भरवून सोडवायचा, तो दहावी झालेल्या बाईने उन्हात उभे राहून, हातातल्या फोनवर, त्या सासूच्या देखत सोडवायचा आहे. तिला ताण येऊ नये तर काय व्हावे?

महाराष्ट्रातील भगिनींनी हा प्रश्न आमच्याआधी ओळखला. २०२१ मध्ये तेथील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट होते, वारंवार बिघडत, हे एक कारण. दुसरे कारण असे की, पोषण ट्रॅकर इंग्रजीत होते. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आज त्या ॲपात मराठीसह अनेक भारतीय भाषांचा पर्याय आहे, तो अशा रेट्यामुळे. म्हणजे मराठी पडदा घडवण्याचे काम झालेले आहे, त्याचा खर्च झालेला आहे. पैनगंगेच्या अलीकडे तो पोचवण्याचेच काय ते उरले. तरी त्या मराठीबद्दलही एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. 'प्रमाणीकरण अयशस्वी' असे वाक्य ज्या मराठीत येते, ती मराठी कोणा बाईची मायबोली नव्हे. 'ओळख पटली नाही, पुन्हा फोटो काढा' असे लिहिले असते तर काय बिघडले असते? (जाता जाता: 'ॲप' या शब्दाचे आद्याक्षर 'ॲ' युनिकोडच्या मानकात २००८ साली दाखल झाले. तोवर तो शब्द अधिकृतपणे धड लिहिण्याचीही सोय नव्हती. मराठीला संगणकावर नेहमीच थोडा उशिरा प्रवेश मिळतो, आणि तोही रांगेत उभे राहून मागितला तर.)

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. तेलंगणात राहता, तेलुगू शिका. आमचे त्यावर काही वैर नाही. २०१८ च्या कायद्याने या राज्यातील शाळांत तेलुगू सक्तीची झाली. आमची मुले ती शिकत आहेत, आणि शिकावीच. त्यांच्या पिढीत हा प्रश्न पुष्कळ सौम्य झालेला असेल. पण पंचेचाळीस वर्षांच्या सेविकेचा या महिन्याचा खुलासा तिच्या मुलाच्या पुढच्या पिढीपर्यंत थांबणार नाही. आणि हेही ध्यानात घ्यावे की, शासन स्वतः सर्वत्र तेलुगू वापरत असते तर या आक्षेपाला काही वजन असते. ॲपाचा पडदा इंग्रजीत उघडतो तेव्हा तेलुगू सेविकाही आमच्याच होडीत बसलेली असते. तिच्या पायाखाली एक फळी जास्त आहे, एवढेच. गोंड आणि कोलाम सेविकेच्या पायाखाली तर तीही नाही. तिच्या भाषेचा पर्याय कोणत्याच पडद्यावर नाही. आमची मागणी तिच्या मागणीच्या आड येत असेल तर आम्ही तिच्यामागे उभे राहू.

आता कायद्याचे बोलू. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, सप्टेंबर १९५६ मध्ये, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी एक निवेदन संसदेपुढे ठेवले. ज्या क्षेत्रात एखाद्या भाषिक अल्पसंख्याकाचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल, तेथे शासनाच्या महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे त्यातील एक तत्त्व. क्षेत्र म्हणजे केवळ जिल्हा नव्हे. नगरपालिका, तहसील असे लहान घटकही त्यात अभिप्रेत आहेत. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, मंडले लहान झाली. तेव्हा मोजणी मंडलाची करा, जिल्ह्याच्या सरासरीत आम्हाला विरघळवू नका. हे निवेदन न्यायालयात बजावता येणारा कायदा नव्हे, याची वकील म्हणून आम्हांस जाणीव आहे. परंतु ते शासनाने दिलेले वचन आहे, आणि १९६६ च्या राजभाषा कायद्याने तेलुगूखेरीज अन्य भाषाही ठरावीक क्षेत्रात, ठरावीक कामांपुरती वापरण्याची अधिसूचना काढण्याचा अधिकार राज्य शासनाला दिलेला आहे. दार आहे, किल्ली कोणी फिरवत नाही.

आमचा मुद्दा 'सूचना' या शब्दाचा आहे. १९५६ मध्ये सूचना चावडीच्या भिंतीवर चिकटत असे. आज सेविकेला द्यावयाची प्रत्येक सूचना पडद्यावर उमटते: हे भरा, हे राहिले, हे नामंजूर. पडदा ही आजची भिंत आहे. भिंतीवरच्या कागदाला जो नियम, तोच पडद्यावरच्या ओळीला लागू झाला पाहिजे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्थानबद्धाला कारणे 'कळवणे' म्हणजे त्याला समजणाऱ्या भाषेत कळवणे. इंग्रजी न येणाऱ्याच्या हाती इंग्रजी कागद देणे म्हणजे कळवणे नव्हे. स्थानबद्धता आणि मानधनकपात यांत महदंतर आहे, हे कोणी आम्हांस सांगावयास नको. तरीही ज्या सूचनेच्या आधारे शिक्षा होते ती समजण्याजोगी असली पाहिजे, हे तत्त्व दोहोंना समानच लागते. सेविका म्हणजे केवळ मानसेवी, तिला कसले हक्क, असे कोणी म्हणेल तर २५ एप्रिल २०२२ चा मणिबेन मगनभाई भारिया प्रकरणातील निर्णय वाचावा. उपदानाच्या कायद्यापुरते तरी तिला कर्मचारी मानले गेले आहे. आणि ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडला, व या दरीमुळे वगळल्या जाणाऱ्यांत ग्रामीण जनता आणि वृद्धांबरोबर भाषिक अल्पसंख्याकांचाही उल्लेख केला. आमच्या बाजूने याहून स्पष्ट आधार आम्ही तरी पाहिलेला नाही.

त्याच महिन्यात, १५ एप्रिल २०२५ रोजी, आणखी एक निर्णय आला. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीच्या जोडीला उर्दू असू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्रातील काही मराठीप्रेमींना तो निर्णय रुचला नाही. त्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी तो एकदा पैनगंगेच्या या काठावर उभे राहून वाचावा. पातूरच्या उर्दू भाषकाला जे मिळाले तेच आम्ही येथे मागत आहोत. तेथे त्याला विरोध आणि येथे त्याचीच मागणी, हे एका तोंडाने शोभत नाही.

आणि थोडे आपल्या माणसांविषयी. सीमाप्रश्नावर भाषणे करणारे आमच्यात पुष्कळ आहेत. नकाशावरची रेघ इकडून तिकडे सरकावी म्हणून ते जन्मभर बोलत आले. फोनच्या सेटिंगमधली भाषा सरकवण्याची मागणी त्यांतल्या एकानेही केल्याचे आम्हांस स्मरत नाही. शिवाय एक लाज आपल्या घरांत शिरली आहे. मराठी पडदा निवडला तर आपण अडाणी ठरू, म्हणून शिकलेली मुलेच आईच्या फोनवर इंग्रजी ठेवतात, आणि मग रोज संध्याकाळी 'आई, तुला एवढंही कळत नाही' म्हणून तिच्यावर खेकसतात. बाईचा यंत्रावरचा विश्वास मोडण्यात शासनाचा वाटा मोठा खरा, पण घराचा वाटा शून्य नाही.

आता करावयाचे काय, ते सांगतो. अनुच्छेद ३५० अन्वये कोणाही व्यक्तीला राज्याच्या अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाण्याचे निवेदन देता येते. मराठी तेलंगणात वापरली जाते का, असे खिडकीवर कोणी विचारले तर राज्य शासनाने स्वतः छापलेले मराठी माध्यमाचे पाठ्यपुस्तक पुढे करावे. तेवढा पुरावा पुरेसा आहे. तेव्हा ज्या सेविकेला, आशाला वा मेटला ॲपातील नोंदीवरून मेमो आला असेल, तिने खुलासा मराठीत, स्वच्छ अक्षरात लिहावा आणि सोमवारच्या प्रजावाणीत द्यावा. माहिती अधिकाराच्या अर्जाचे मात्र वेगळे आहे. त्या कायद्याचे कलम ६ इंग्रजी, हिंदी वा त्या क्षेत्राची राजभाषा एवढ्यांचेच नाव घेते, म्हणून तो अर्ज हिंदीत करावा; लिपी तीच आहे, लिहिणे अवघड जाणार नाही. त्यात तीनच गोष्टी विचाराव्यात: या मंडलात ॲपाचे प्रशिक्षण कोणत्या भाषेत झाले, मराठीतील माहितीपुस्तिका किती प्रतींत वाटल्या, आणि गेल्या वर्षभरात ॲपातील नोंदीच्या आधारे किती जणींना मेमो गेले. भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांकडे, अनुच्छेद ३५०-ब अन्वये, या साऱ्याची एक प्रत स्वतंत्र जावी.

अर्जाला पडद्याचे छायाचित्र जोडावे, ज्यावर न समजलेले वाक्य दिसत असेल असे. दिनांक आणि वेळ त्यात येऊ द्यावी. आणि वहीतल्या त्याच दिवसाच्या पानाची झेरॉक्स सोबत लावावी, वजनांसकट.